लाईट गेल्यावर थंड कोणाला करायचं, घराला की माणसाला?

उन्हाळा तोंडावर आला की ओळखीतला कोणीतरी हमखास विचारतो, एसी चालेल असा जनरेटर किती केव्हीएचा (म्हणजे किती ताकदीचा) घेऊ? आणि मी दर वेळी उलटा प्रश्न टाकतो, की तुला घर थंड करायचंय का स्वतःला? लोकांना वाटतं मी टाळतोय. पण खरंच सगळा हिशोब इथूनच सुरू होतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की साधारण दीड हजार वॅट खातो, आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसाच्या अंगावर रात्रभर वारा घालायला बीएलडीसी पंख्याला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरच्या पंख्याला, तीसेक वॅट पुरतात. पन्नास पट फरक झाला ना. वायरमधून हवी तेवढी वीज येते तेव्हा हा फरक आपल्याला फक्त बिलावर दिसतो, पण लाईट गेली आणि वीज घरातच तयार करायची वेळ आली की तोच फरक आवाजात, धुरात, पेट्रोलच्या कॅनमध्ये आणि रात्रीच्या झोपेत दिसायला लागतो.

माझं मत सरळ आहे. लाईट गेल्यावर वाचवायची ती रात्रीची झोप. दुपार कशीही निघते हो, माणूस सावलीत बसतो, डोक्यावर पाणी मारतो, सारखं थोडं थोडं पाणी पितो. रात्री मात्र भिंती तापलेल्या, वारा पडलेला, लहान मूल रडतंय, अशात दोन रात्री सलग झोप नाही झाली की तिसऱ्या दिवशी घरातले सगळे एकमेकांवर खेकसत असतात. त्यामुळे सगळी तयारी रात्रीच्या सात-आठ तासांचा विचार करून करायची.

आता आधी फुकटातलं. कडक उन्हात सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर जवळजवळ हजार वॅट उष्णता पडते. म्हणजे ऊन थेट येणारी मोठी काचेची खिडकी उघडीवाघडी ठेवली तर आपण खोलीत हीटर लावून बसलोय असं समजायला हरकत नाही. पडदे असतात सगळ्यांकडे पण ते आतून असतात, आणि आतला पडदा ऊन अडवतो तोपर्यंत उष्णता काच ओलांडून आत आलेली असते, मग पडदाच तापतो आणि खोली तापवतो. तीच सावली काचेच्या बाहेरून केली, म्हणजे शेडनेट, चटई, ताडपत्री, जुनी चादर, काहीही चालेल, तर फरक हाताला कळतो. दुपारी तीनच्या सुमाराला एका काचेवर बाहेरून काहीतरी टाकून बघा आणि शेजारची तशीच सोडा, मग दोन्हीवर आतून तळहात ठेवा. स्लॅबखालच्या खोलीत राहणाऱ्यांनी गच्चीला पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग मारायचा, कारण रात्री अकरा वाजता पंख्याखाली झोपूनही वरून जी धग लागते ती दिवसभर स्लॅबने साठवलेली असते आणि पंखा तीच हवा खाली ढकलत असतो.

खिडक्यांचं एक अजून. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेपर्यंत बंद, थंड झाली की सताड उघड्या. अगदी साधं आहे पण बरेच जण लाईट गेली की दुपारी दोन वाजता "हवा येऊ दे" म्हणून सगळं उघडतात आणि गरम झळा घरात घेतात. दोन स्वस्त थर्मामीटर घ्या, एक आत, एक बाहेर सावलीत, अंदाजपंचे करायची गरज उरत नाही.

पंख्याबद्दल. पंखा खोली थंड करत नाही, उलट त्याची मोटर खोलीत थोडी उष्णताच सोडते. तो घाम वाळवतो, आणि घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर पाणी वाळायला जवळपास पाऊण युनिट विजेएवढी उष्णता लागते, आणि शांत पडलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे अंगावर पुरेसं पाणी वाळत राहिलं तर शरीराचं काम भागतं. म्हणूनच ओला टॉवेल मानेवर टाकून, हातपाय ओले करून पंख्यासमोर बसलं की जे बरं वाटतं त्याला कुठलंही मशीन लागत नाही. पण याला मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्यावर विसंबू नका, कारण तेव्हा तो गरम हवा अंगावर मारून शरीर तापवायला लागतो. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, तहान कमी लागते, त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवायचं. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, गोंधळलं, अंग तापलं, तर तो उष्माघात असू शकतो, तेव्हा अंगावर पाणी आणि वारा घालत डॉक्टरकडे पळायचं. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

कूलरचं गणित हवेवर आहे. कोरडी हवा असेल तर दीड-दोनशे वॅटमध्ये कूलर जे काम करतो ते एसीला दहापट विजेत करावं लागतं, फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे नाहीतर तासाभरात खोली दमट होऊन बसते. दमट हवामानात कूलर घेऊच नका, पाणी वाळणारच नाही तर थंड काय होणार, नुसता चिकचिकाट.

आता बॅटरी. घरोघरी दिसते ती १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी, लेड-ॲसिडचाच एक प्रकार. १२ गुणिले १५०, कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी रोज पूर्ण उपसली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरायची असं धरा, राहिले ९००, त्यातून इन्व्हर्टर स्वतःचा वाटा काढून घेतो, हातात आले सातशेच्या आसपास. आता दोन जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे आणि एक दहा वॅटचा एलईडी बल्ब लावला तर हे साडेचार तासांत संपलं. रात्री अकराला लाईट गेली तर पहाटे साडेतीनला घामाघूम होऊन जाग. पंखे काढून तीस वॅटचे बीएलडीसी लावले तर तीच बॅटरी, तोच इन्व्हर्टर आणि दहा तास! सकाळचे नऊ वाजले. आणि बीएलडीसी पंखा दोन नंबरवर ठेवला तर याहून कमी खातो. म्हणून दुसरी बॅटरी जोडायचा विचार करणाऱ्यांना मी सांगतो की आधी पंखे बदल. बॅटरी काही वर्षांनी परत बदलावीच लागते, पंख्याची बचत मात्र लाईट असतानाही चालूच राहते.

बॅटरी कुठे ठेवलीये ते पण बघा. बाल्कनीत उन्हात किंवा बंद कपाटात ठेवलेली बॅटरी लवकर जाते, साधारण हिशोब असा की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य अर्ध्यावर येतं. डिस्टिल्ड वॉटर बघायचं, नळाचं पाणी घालायचं नाही. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर पंखा गुणगुणतो आणि मोटर जास्त तापते, नवीन घेताना साइन वेव्हच घ्या, त्यातून घरातल्या लाईटसारखीच सुरळीत वीज येते.

मग जनरेटर कशाला लागतो? लाईट पाच-सात तास जाते तिथे लागतच नाही, वरचं सगळं केलं की भागतं. वादळानंतर तारा तुटून दोन-चार दिवस अंधार असतो तिथे लागतो. आणि इथे लोक एक गोष्ट करतात जी मला बघवत नाही, ती म्हणजे एका पंख्यासाठी रात्रभर जनरेटर चालू ठेवणं. साधा जनरेटर लोड असो नसो त्याच आरपीएमवर धडधडत असतो, दोन केव्हीएचं मशीन नुसतं फिरत राहायलाच तासाला अर्धा लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. आठ तासांत चार लिटर जाळून मिळालं काय, तर तीस वॅटच्या पंख्याला लागणारी पाव युनिट वीज. तेच चार लिटर चांगल्या लोडवर जाळले असते तर सहा-सात युनिटं निघाली असती. शिवाय तो आवाज, स्वतःची झोप मोड आणि शेजाऱ्यांची पण.

त्यापेक्षा संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर नीट लोड देऊन चालवायचा. त्या वेळात फ्रिज, पाण्याची मोटर, मोबाईल, आणि इन्व्हर्टरची बॅटरी चार्जिंगला. आता कोणी म्हणेल लेड-ॲसिड बॅटरी दोन तासांत कुठे भरते. नाहीच भरत. पण १५ अँपिअरने दोन तास चार्ज केली तरी ३० एएच आत गेले, तोटे वजा करून एक बीएलडीसी पंखा त्यावर सात-आठ तास निघतो. रात्र निघाली! लिथियमची बॅटरी असेल तर ती चार्ज पटकन घेते म्हणून या पद्धतीला अजून सोयीची. मग दहा वाजता जनरेटर बंद, सगळीकडे शांत, पंखा बॅटरीवर. पैसे जास्त असतील तर इन्व्हर्टर जनरेटर घ्या, त्यात इंजिन लोडप्रमाणे हळू-जोरात होतं, त्यामुळे आवाज आणि पेट्रोल दोन्ही कमी.

एसी जनरेटरवर लावायचाच असेल, घरात आजारी माणूस असेल, तान्हं बाळ असेल तर लावावा लागतो, तर एकच खोली, सगळ्यात लहान, कमी उन्हाची, आणि सगळ्यांनी त्यात झोपायचं. केव्हीए म्हणजे किलोवॅट नाही हे लक्षात ठेवा, पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला खरोखर कामाला येणारा वाटा, ०.८ धरला तर दोन केव्हीएचे १.६ किलोवॅट झाले, आणि त्यालाही सतत पाऊणच लोड द्यायचा, उन्हाळ्यात मशीन तसंही थोडं कमीच देतं. जुना साधा एसी सुरू होताना क्षणभर चार-सहा पट करंट ओढतो, त्या झटक्याला छोटा जनरेटर गुदमरतो किंवा ट्रिप होतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू चढतो म्हणून एक टनाचा इन्व्हर्टर एसी चांगल्या दोन-अडीच केव्हीएवर निभावतो, जुना दीड टनाचा निभावत नाही. एसी २६-२७ वर ठेवून पंखा चालू ठेवा, २० वर ठेवायची ही वेळ नव्हे.

फ्रिज उगाच उघडू नका. दार बंद राहिलं तर फ्रिजमधलं साधारण चार तास टिकतं आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. त्यामुळे त्याच्यासाठीही जनरेटर सतत लागत नाही.

आता ज्यात मी अजिबात मस्करी करत नाही ते. जनरेटर घराच्या आत चालवायचा नाही, आत म्हणजे बाल्कनी, जिना, पार्किंगची बंद खोली, डक्ट सगळं आलं, दार उघडं ठेवलं तरी नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, माणसाला वाटतं उकाड्यानेच होतंय आणि तो आडवा होतो. झोपलेल्याला तर तेवढंही कळत नाही. घरापासून किमान वीस फूट लांब, सायलेन्सरचं तोंड खिडक्यांपासून दुसरीकडे, कोणाच्याच खिडक्यांकडे नको, आणि झोपायच्या खोलीत बॅटरीवरचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म. पाऊस असेल तर वर छत, पण बाजू मोकळ्या.

दुसरं, दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये घुसवायचा प्रकार. मेन स्विच बंद नसेल तर तुमची वीज उलटी लाईनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचं व्होल्टेज चढतं आणि खांबावर "लाईट बंद आहे" समजून काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जातो. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाईनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा) बसवून घ्या नाहीतर जाड एक्स्टेंशनने एकेक वस्तू थेट जोडा. पेट्रोल गरम इंजिनवर ओतायचं नाही, थंड होऊ द्या, तेवढा वेळ बॅटरी आहेच.

आणि सीझन संपल्यावर टाकी रिकामी करून, पेट्रोलचा कॉक बंद ठेवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर सुकतो. टाकीत तसंच राहिलेलं पेट्रोल काही महिन्यांत चिकट होऊन कार्ब्युरेटरचं बारीक भोक (जेट) बुजवतं आणि पुढच्या वर्षी नेमकी लाईट गेल्यावर चोक लावून दोरी ओढत बसावं लागतं. महिन्यातून एकदा दहा मिनिटं लोड देऊन चालवलात तर हे सगळं करायची गरज नाही, पण एवढं नियमाने करणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.