करवंद म्हणायला काय झालं होतं

स्पेनमधल्या कामिनो या पायी यात्रेच्या वाटेवर विलाफ्रांकाला पोचून तीन तास झाले, आंघोळ झाली, पायाच्या फोडांना पट्ट्या लावून झाल्या, तरी डोक्यात तेच. रास्पबेरी! मी रास्पबेरी का म्हणाले?

दुपारी वाटेतल्या काकाबेलोसला एका छोट्या बोदेगात, म्हणजे वाइन बनवणाऱ्यांच्या तळघरात, थांबलो. मेन्थिया द्राक्षाची रेड वाइन (मी दोन दिवस मेन्सिया म्हणत होते, कोणी सुधारलंही नाही). स्पेनची रेड म्हटलं की आपली धाव रिओहा या नावाजलेल्या भागापर्यंत, हे द्राक्ष या बिएर्थो भागातलं. जांभळट रंग, अंगाने हलकी, आधी आंबटसर आणि मग गालाच्या आत किंचित तुरट. बोदेगाच्या आजोबांनी एकेकाला विचारलं, काय आठवतंय? जर्मन बाई म्हणाली व्हायोलेटची फुलं. माझ्या तोंडात सरळ करवंद आलं होतं, डोंगरची काळी मैना, ओठाला चिकटणाऱ्या चिकासकट. आणि मी गोड हसून म्हणाले रास्पबेरी, जी मी जन्मात दोनदा खाल्ली असेल, त्यातली एकदा जॅममधे.

कोण हसणार होतं? कोणीच नाही. स्पॅनिशमधे करवंदाला काय म्हणतात माहीत नाही, मग मराठीत म्हणायचं ना, आजोबांनी विचारलं असतं तर हातवारे करून सांगितलं असतं. पण नाही, समोरच्याच्या पुस्तकातलं उत्तर द्यायचं, अण्णांसमोर तेच, त्या मीटिंगमधे तेच, आणि मंजूच्या वेळेला तर... जाऊ दे.

मग आजोबांनी वरच्या उताराच्या मळ्यातला पिथार्रा नावाच्या दगडाचा तुकडा आणला, ओला करून म्हणे हुंगा. अहो, पाटी! थुंकी लावून फ्रॉकने पुसलेली पहिलीतली पाटी! इथे वर्गातल्या फळ्यालाही पिथार्राच म्हणतात. आता तरी बोलायचं? मी म्हणाले, "मिनरल." मिनरल म्हणे, बाई गं.

निघताना आजोबा सांगत होते की मेन्थिया म्हणजे फ्रान्सच्या काबर्ने फ्रांक द्राक्षाची नातेवाईक, याच वाटेने यात्रेकरूंनी आणली असं लोक वर्षानुवर्षं मानायचे. डीएनए तपासला तर काही संबंध नाही, निघाली शेजारच्या पोर्तुगालची जाएन. म्हणजे हिलाही कोणीतरी भारदस्त नातेवाईक चिकटवले होतेच. ऐकून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता जेवणाबरोबर परत एक ग्लास मागवलाय. डोळे मिटून, कोणी विचारत नसताना, नीट वास घेतला.

मेली आता खरंच रास्पबेरीसारखी लागतेय.