साहेबांचा फोन कसा कापायचा?

गोष्ट २०२५ च्या उन्हाळ्यातली. मी सायबर पोलीस ठाण्यात अंमलदार आहे. गुन्ह्यांच्या तपासाबरोबर जनजागृतीचे कार्यक्रमही आमच्याकडेच असतात. त्या दिवशी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघात कार्यक्रम होता. मी गणवेशातच गेले होते. ओटीपी, केवायसी, वीजबिलाचे खोटे मेसेज, आणि शेवटी डिजिटल अरेस्ट, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर केलेली खोटी अटक. पोलीस, सीबीआय, ईडी, कुणीच व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, हे मी दोनदा सांगितलं. पत्रकं वाटली, चहा झाला, मंडळी पांगली.

एक काका मात्र खुर्चीतून उठले नाहीत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सभागृह रिकामं झाल्यावर हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणता ते खोट्या लोकांचं झालं. पण माझी केस खरी आहे."

मग एकेक बाहेर आलं. आदल्या दिवसापासून 'सीबीआयचे साहेब' व्हिडिओ कॉलवर होते. काकांच्या आधारवर मुंबईत खातं उघडलंय, त्यातून हवालाचा पैसा फिरलाय, असं त्यांना सांगितलेलं. व्हॉट्सअॅपवर शिक्क्यासकट नोटीस आलेली. सकाळी बँकेतून दोन लाख वीस हजार 'तपासणीसाठी' पाठवून झाले होते आणि पाचच्या आत एफडी मोडायची होती. घरी काकूंनाही पत्ता नव्हता. रोजच्यासारखं वागा, कुणाला संशय येऊ देऊ नका, असा हुकूम होता म्हणून ते कार्यक्रमालाही आले होते.

मी विचारलं, "काका, फोन लावला की बच्चनसाहेबांच्या आवाजात सायबर फसवणुकीची सूचना लागते, ती ऐकत नव्हता का?"

"ऐकत होतो की. त्या साहेबांनीच दाखला दिला. म्हणाले, बघा, सरकार सायबर गुन्ह्यांवर किती कडक झालंय. तुमचं नाव त्यातच आलंय."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि काका ताडकन उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात फोन, पाठ ताठ, कॉल अजून घेतलेलाही नाही. मी म्हटलं, कापा. त्यांचा अंगठा लाल बटणावर थरथरत राहिला. "साहेबांचा फोन कसा कापायचा?"

समोर खरी पोलीस उभी होती, तरी त्यांना फोनमधल्या पोलिसाची भीती जास्त वाटत होती. मी फोन हिसकावून घेतला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीतच बजावलंय, पोलिसांनी अशा नोटिसा व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या नाहीत, प्रत्यक्ष बजावायच्या, हे त्यांना सांगितलं. माझं ओळखपत्र त्यांच्या हातात दिलं. रिंग वाजून थांबली, पुन्हा सुरू झाली. तेव्हा त्यांनी स्वतः कॉल कापला.

तिथून पुढे वेळेशी शर्यत. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर लावला, आधी एंगेज, मग लागला. पैसे कुठल्या बँकेतून गेले, खाते क्रमांक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक, एवढं तिथे लागतं. तक्रार नोंदली की ती समोरच्या बँकेकडे जाते आणि त्या खात्यात जे शिल्लक असेल ते अडवलं जातं. पैसे पुढच्या खात्यांत गेले असतील तर तिथे पाठलाग. म्हणून मिनिटं मोजायची असतात.

काकांनी पाकिटातून आरटीजीएसची स्लिप काढली, चार घड्या घातलेली. कंडक्टरची सवय, कागद जपून ठेवलेला. कारकुनाने त्यावर पेनने यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, लिहून दिला होता, बावीस अक्षरांचा. तो त्यांनीच वाचून दाखवला. हात कापत होते, पण आवाज स्वच्छ होता. एकेक अक्षर तोडून सांगितलं, एकही चुकलं नाही. मग मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले, एफडीवरचं संकट टळलं, आणि तिथेच बसून आम्ही सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण केली.

संध्याकाळी कळलं, सव्वा लाखाच्या आसपास रक्कम पहिल्याच खात्यात अडकली होती. बाकीची पुढे फुटली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण लोकांना सांगतो, ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका. तेवढं लोकांना पाठ झालंय. पण या चोरांचं भांडवल ओटीपी नाहीच, आमच्या खाकीची भीती आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी साहेबासमोर मान खाली घातली, उलट प्रश्न केला नाही, आणि तीच सवय आता कुणीही कुठूनही फोन करून वापरतो. पत्रकावर 'घाबरू नका' छापल्याने ती जात नाही. पोलिसाला उलट विचारायची मुभा आहे, हे पोलिसानेच समोर उभं राहून सांगायला हवं.

तेव्हापासून कार्यक्रमात स्लाइड कमी केल्या. मी गणवेशात, दरडावणीच्या आवाजात समोरच्याला फोन करते, 'साहेब' म्हणून. त्याने माझा फोन कापायचा. पहिल्यांदा सगळे हसतात, पण कापताना बरेच जण "सॉरी मॅडम" म्हणतात. मग पुन्हा करायला लावते, सॉरी न म्हणता. त्यानंतर सगळ्यांकडून १९३० फोनमध्ये सेव्ह करून घेते, आणि घरातल्या एका माणसाचं नाव ठरवून घेते, असा फोन आला तर पहिलं त्याला सांगायचं.

काकांची अडवलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशानंतर त्यांच्या खात्यात परत आली. बाकीच्या पैशांचा माग आम्ही अजून काढतोय.