दुधट द्रावण

तीन आठवडे मी पेशींना दोष देत होते. पीएचडीचं दुसरं वर्ष, आणि सोपं म्हणून माझ्याकडे दिलेलं काम: एचसी-11 पेशींमध्ये बीटा-केसीन या दुधातल्या प्रथिनाचं जनुक चालू करून दाखवायचं. या पेशी मूळच्या एका गाभण उंदरिणीच्या स्तनग्रंथीतल्या. प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या, तरी दुधाचं प्रथिन करायचं विसरल्या नाहीत, म्हणून तर सगळे त्या वापरतात.

कृती पाठ झाली होती. पेशींनी प्लेट गच्च भरू द्यायची, तशाच दाटीत दोन-तीन दिवस ठेवायच्या. मग वाढीला लावणारं ईजीएफ काढून घ्यायचं आणि तीन हॉर्मोन द्यायची: डेक्सामेथासोन, इन्सुलिन, प्रोलॅक्टिन. तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आमच्याकडे याला नुसतं 'डिप' म्हणतात. चौथ्या दिवशी पेशींतला आरएनए, म्हणजे चालू जनुकांचे संदेश, काढला की केसीनचा संदेश भरपूर मिळायला हवा. मला मिळेना. हॉर्मोन दिलेली प्लेट आणि न दिलेली प्लेट, दोन्हींचे आलेख एकमेकांवर बसायचे.

घरी चार म्हशी आहेत, त्यामुळे आमच्या अण्णांना माझं काम आपल्याला कळतं असं वाटतं. फोनवर म्हणाले, "पान्हा चोरत्यात व्हय तुझ्या पेशी?" मी समजावलं, की पान्हा सुटणं म्हणजे कासेत आधीच असलेलं दूध उतरणं, ते ऑक्सिटोसिनचं काम. माझी अडचण त्याच्या आधीची, दूध तयारच होत नाही, तिथे प्रोलॅक्टिन लागतं. "मग खुराक बघ," म्हणाले. खुराक मी दोनदा बदलला होता. सीरमची, म्हणजे पेशींना वाढवणाऱ्या रक्तद्रवाची, नवी बाटली, फ्रीझरमधून काढलेल्या नव्या पेशी, सगळं करून झालं होतं. माझ्या गाईड मॅडमना तर पेशींचं वय झालं असावं असं वाटत होतं, आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

त्या गुरुवारी शेजारच्या बाकावरचा सीनिअर म्हणाला, "अगं, दर वेळी चार-चार दिवस कशाला थांबतेस? पंधरा मिनिटांचं बघ की."

त्याचं म्हणणं असं. प्रोलॅक्टिन पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. रिसेप्टरच्या आतल्या टोकाला जॅक2 हे एन्झाइम बसलेलं असतं, ते जागं होतं आणि स्टॅट5 नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. असे दोन स्टॅट5 जोडीने केंद्रकात जातात आणि केसीनच्या जनुकासमोर बसतात. डेक्सामेथासोनचा रिसेप्टरही तिथेच येऊन त्यांना हात देतो. केसीन साठायला दिवस लागतात, पण फॉस्फेट काही मिनिटांत चढतो. (याच स्टॅट5ला आधी 'मॅमरी ग्लँड फॅक्टर' म्हणायचे. 1994मध्ये तो दुभत्या मेंढीच्या स्तनग्रंथीतून हाती लागला. पुढे कळलं की रक्तपेशींतही तो तितकाच कामाचा, आणि ते सुंदर नाव मागे पडलं.)

आदल्या रात्रीच पेशी सीरमशिवाय उपाशी ठेवलेल्या होत्या. एका प्लेटला प्रोलॅक्टिन दिलं, एकीला नाही. टायमर लावला, पंधराव्या मिनिटाला प्लेटी बर्फावर. पेशींतली प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी केली. हवं ते प्रथिन हुडकणारी अँटिबॉडी रात्रभर ठेवायचा धीर नव्हता, म्हणून दोनच तास ठेवली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ब्लॉट, म्हणजे त्या प्रथिनांच्या पट्ट्यांचा ठसा, पाहिला. एकूण स्टॅट5 दोन्हीकडे छान, जाड पट्टी. फॉस्फेटवाला स्टॅट5 दोन्हीकडे शून्य.

म्हणजे पेशींकडे सामान होतं, त्यांना निरोपच गेला नव्हता.

"प्रोलॅक्टिन कशात विरघळवलंस?"

"पाण्यात."

"आणि?"

आणि मग मला ती सकाळ आठवली. पावडरची छोटी कुपी, त्यात निर्जंतुक पाणी, हलवलं तर द्रावण जरा दुधट. मागे बोट धरलं तर ते धूसर दिसायचं, तळाशी बारीक कण. मला ते घाण वाटलं. सिरिंजला 0.22 मायक्रॉनचा फिल्टर लावून गाळलं. दट्ट्या नेहमीपेक्षा घट्ट चालला होता, अंगठा दुखला होता, तरी जोर लावला. पलीकडे थेंब आला तो नितळ, काचेसारखा. मी खूश. नितळ द्रावणाचे छोटे-छोटे भाग करून, तारीख घालून, उणे वीसला ठेवून दिले होते.

तो दुधटपणा हेच प्रोलॅक्टिन होतं. मेंढीचं हे प्रोलॅक्टिन साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, थोडं अल्कधर्मी द्रावण लागतं. मी हॉर्मोन फिल्टरमध्ये ठेवलं आणि पेशींना तीन आठवडे पाणी पाजलं.

सीनिअर हसला नाही, याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे. त्याने शेजारच्या लॅबमधून बायकार्बोनेटमध्ये विरघळवलेलं प्रोलॅक्टिन मागून आणलं. नशिबाने उपाशी पेशींची एक प्लेट शिल्लक होती. पुन्हा पंधरा मिनिटं, पुन्हा जेल. रात्री साडेअकराला पडद्यावर नव्वद किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) जरा वर ती पट्टी आली, इतकी काळी की एक्स्पोजर कमी करावा लागला. वॉचमन दोनदा डोकावून गेला.

शुक्रवारी दाट भरलेल्या दुसऱ्या प्लेटींना डिप दिलं. मंगळवारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशींची सपाट चादर जागोजागी वर उचलली गेली होती, भाजताना पापडाला फोड येतात तशी. पेशी चादरीखाली द्रव सोडतात, त्याचे ते घुमट. केसीनचा आलेख हॉर्मोनवाल्या प्लेटीत कितीतरी आधी वर चढला, म्हणजे संदेश कितीतरी जास्त होता. मॅडमनी कागद पाहिला, चष्मा काढला, "मग पेशी म्हाताऱ्या नव्हत्या तर," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी फ्रीझरमधल्या त्या नितळ नळ्या काढून टाकल्या. सव्वीस निघाल्या. नव्या कुपीच्या डबीवर मार्करने लिहिलं: 'बायकार्बोनेटमध्ये. पाणी नको. दट्ट्या घट्ट लागला तर थांबा.'