गंजलेली चासी वाचवताना

आमची गाडी जुनी, डिझेलची, वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बॉडी बसवलेली. रजिस्ट्रेशनची 15 वर्षं भरत आली होती. पुढची 5 वर्षं चालवायची तर आरटीओकडे पासिंगला न्यावी लागणार. मागच्या बाजूने खटखट आवाज येत होता, तो आधी बघून घेऊ म्हणून दापोलीत गॅरेजला घातली.

वर उचलल्यावर तळ झकास दिसत होता, कारण आधीच्या मालकाने काळं कोटिंग मारून घेतलेलं. मिस्त्री हातोडीने चासी ठोकत पुढून मागे गेले. टणटण वाजणारं लोखंड मागच्या चाकाच्या वर एकदम बद्द वाजलं. तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबला तर तो सरळ आत गेला. "भाऊ, पाटा जिथे लटकतो ना, तिथलंच लोखंड संपलंय," ते म्हणाले. पाटा म्हणजे मागची पट्ट्यांची स्प्रिंग.

दापोलीजवळच्या हर्णैला मासळीचा लिलाव किनाऱ्यावरच होतो आणि ही गाडी वर्षानुवर्षं तिथल्या वाळूत उभी राहिलेली. चासीच्या पोकळीतून पाणी निघून जायची भोकं चिखलाने बुजली होती. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे आतला चिखल उन्हाळ्यातही नीट वाळत नाही. गंज आतून बाहेर आला होता आणि वरच्या कोटिंगने ती ओल कोंडून ठेवली होती. किनारपट्टीवर जुनी गाडी घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तळ काळाकुळकुळीत दिसला तर आधी ठोकून बघा.

दुसऱ्या एका गॅरेजने लोअर आर्मही (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) वेल्डिंग करून देतो म्हटलं होतं. आमच्या मिस्त्रींनी साफ नकार दिला, आणि तेच बरोबर होतं. चालत्या गाडीत आर्म तुटला तर चाक आडवं होतं. पाट्यांना तर वेल्डिंगची आच लागताच कामा नये, त्यांचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो. म्हणून आर्म, पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी), यू-बोल्ट, ब्रेकचे पाइप सगळं नवीन घेतलं. शॅकलच्या पिना बुशमध्ये इतक्या धरल्या होत्या की तेल सोडून, गॅसने तापवूनही हलेनात. शेवटी ग्राइंडरने कापल्या.

चासीचं काम मात्र वेल्डिंगचंच. बॅटरी सोडवली, डिझेलची टाकी उतरवली, चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) सपाट टेकवली. कोनाकोनांतली मापं घेऊन ठेवली, म्हणजे वेल्डिंगनंतर चासी ओढली गेली तर कळतं. सडलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापला आणि तेवढ्याच जाडीची प्लेट बसवली. प्लेटची टोकं तिरकी कापली होती. चासीवर वेल्डिंगची सरळ उभी रेघ आली तर तिथेच ती चिरते. चासी नंबरजवळचा गंज फक्त तारेच्या ब्रशने काढला. तो नंबर पुसट झाला तर पासिंग अडतं.

मग पोकळी धुऊन, पूर्ण वाळवून, भोकं मोकळी केली, बाहेरून झिंक प्रायमर आणि आत लांब नळीने मेणाचा फवारा. पासिंग झालं. आता वाळूतून आलं की गोड्या पाण्याने तळ धुतल्याशिवाय गाडी लावत नाही.

खर्च बराच झाला. तरी तो करावासा वाटला, कारण पुढची चासी धड होती. स्टीअरिंग बॉक्स जिथे चासीला बोल्टने बसतो तिथे असा गंज सापडला असता, तर ही गाडी मी भंगारात दिली असती.