म्हाताऱ्या पावसातली ओल

सोमवार

पुनर्वसू नक्षत्राचा तरणा पाऊस सरला, पुष्य नक्षत्राचा म्हातारा लागला. बेळगावात हा फरक ओळखायला पंचांग उघडावं लागत नाही. तरणा कोसळतो आणि दम घेतो. म्हातारा पहाटेपासून रात्रीपर्यंत पिरपिरत राहतो. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर वळणापर्यंत खांदे भिजतात.

आजचं साडेआठचं माप सात मिलिमीटर. पाऊस मोजायला फार काही लागत नाही. तळापासून तोंडापर्यंत सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा स्टीलचा डबा आणि एक पट्टी. बादली चालत नाही, तिचं तोंड बुडापेक्षा रुंद असतं, त्यामुळे माप फुगतं. डबा लहान की मोठा याने फरक पडत नाही, भिंत सरळ हवी. त्याचं तोंड जमिनीपासून फूटभर वर असावं, नाहीतर अंगणातले शिंतोडे आत जातात. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर डबा ठेवायचा. सकाळी साडेआठला पाहायचं, लिहायचं, ओतून टाकायचं. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच बदलतो, म्हणून आपलं माप वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून पाहता येतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. सहाशे चौरस फुटांच्या छपरावर दहा मिलिमीटर पडला की साडेपाचशे लिटर पाणी पन्हाळीतून जातं.

पण नुसत्या मापावरून घराचं काही कळत नाही. एका रात्रीत साठ मिलिमीटर ओतून सकाळी उघडलं, तर दुपारपर्यंत घर कोरडं होतं. सात मिलिमीटर चोवीस तासांत वाटून पडला की उशीसुद्धा गार लागते. म्हणून वहीत मापाशेजारी आणखी तीन गोष्टी लिहिलेल्या बऱ्या: वारा कुठून, उघडीप किती वेळ, आणि स्वयंपाकघरातलं मीठ सुटं आहे की ओलं.

मंगळवार

पाऊस पाच. वारा पश्चिमेचा, जोराचा. उघडीप नाही. मीठ ओलं.

आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, सह्याद्रीच्या पाठीला लागून. घाटमाथ्याच्या कणकुंबी-जांबोटीकडे ढग रिकामे होतात आणि उरलेलं धुकं-तुषार वाऱ्याबरोबर आपल्यापर्यंत येतं. इथून ईशान्येला अथणी-रायबागकडे गेलं की वर्षाचा पाऊस निम्म्याहून खाली येतो, तिकडे याच दिवसांत कपडे अंगणात वाळतात. आपल्याकडे जुलैत पारा दिवसा पंचवीसच्या फारसा पुढे जात नाही, रात्री वीस-एकवीसपर्यंत उतरतो. दिवस-रात्रीत फरकच नाही, म्हणून हवेला पाणी उचलायला सवड मिळत नाही.

कपडे का वाळत नाहीत याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरा. एकवीस अंशाला त्या खोलीतली सगळी हवा तुडुंब भरली, तरी तिच्यात वाफेच्या रूपात अर्धा लिटरच पाणी मावतं. या दिवसांत ती आधीच नव्वद टक्के भरलेली असते. म्हणजे शिल्लक जागा पन्नास ग्रॅमची, जेमतेम तीन-चार मोठे चमचे. आणि हाताने पिळलेल्या बादलीभर कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी सहज असतं. दार-खिडक्या बंद करून, पंखा लावून खोलीभर दोऱ्या बांधल्या तरी पंखा तीच भिजकी हवा फिरवत राहतो. कपड्यातलं पाणी मग भिंतीत, गादीत, कपाटाच्या फळीत शिरतं.

यावर उपाय दोनच: हवा बदलणं किंवा हवा तापवणं.

हवा बदलायची तर पश्चिमेची खिडकी घट्ट लावायची आणि पूर्वेची चार बोटं उघडी ठेवायची. समोरासमोर दोन्ही उघडल्या तर झड थेट आत येते. पंख्याचा झोत कपड्यांवरून पूर्वेच्या फटीकडे जाईल असा ठेवायचा. दोन कपड्यांत वीतभर अंतर हवं. चादर एका दोरीवर दुमडून टाकली तर मधली घडी दोन दिवस ओली राहते, तीच दोन दोऱ्यांवर तंबूसारखी पसरली की एका दिवसात निघते. पँट उलटी करायची, खिसे बाहेर काढायचे, कमरेकडून टांगायची. जाड पट्टा वर आला की त्याला वारा लागतो आणि उरलेलं पाणी पायाकडून निथळतं. मशीन असेल तर शेवटचं पिळणं दोनदा फिरवावं. वीज थोडी जास्त जाते, पण दोरीवरचा निम्मा दिवस वाचतो. मशीन नसेल तर कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर गुडघ्याने दाब द्यायचा.

हवा तापवण्याची युक्ती जुन्या घरांना ठाऊक होती. न्हाणीच्या चुलीवर किंवा बंबाजवळ, माळ्याखाली आडवा बांबू असायचा तो याचसाठी. नव्वद टक्के ओल असलेली एकवीस अंशांची हवा सव्वीस अंशांपर्यंत तापली, की तिच्यातली ओल सदुसष्ट टक्क्यांच्या आसपास येते. हवेतला एक थेंबही कमी झालेला नसतो, पण हवेची पाणी धरायची ताकद वाढते. फक्त पाच अंशांनी! ज्यांच्याकडे अजून चूल आहे त्यांनी तो बांबू काढू नये.

बाळाचे लंगोट आणि दुपटी निखाऱ्याच्या शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून त्यावर वाळवतात. ओवा, लसणाची सालं टाकून धुरी देतात. वास छान येतो. पण निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये आणि ती पेटती ठेवून झोपू तर मुळीच नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोकं जड होईपर्यंत कळतही नाही. शेगडी पडवीत, लंगोट पडवीत, बाळ आत.

कुबट वास पावसाचा नसतो. कपडा बारा-पंधरा तास ओलसर राहिला की त्यात जिवाणू वाढतात, तो त्यांचा वास. एकदा बसला की वाळल्यावरही जात नाही, घाम लागला की पुन्हा उठतो. असा कपडा परत धुवायचा, शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालायचं. ब्लीचिंगच्या पाण्यात व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. इस्त्री मारून ओलसरपणा झाकला जातो, जात नाही. इस्त्रीनंतर कपडा कपाटात टाकण्याआधी अर्धा तास खुर्चीच्या पाठीवर राहू दे.

बुधवार

पाऊस अकरा. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरल्याचं दूधवाल्याकडून समजलं. रोप लागण नुकतीच झालेल्यांना घोर लागला असणार. भाताला पाणी हवं, पण शेंडे बुडून राहिले की रोप कुजायला लागतं.

दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, सोलते, आग होते. घरोघरी मेंदीचा पाला वाटून लावतात. लावावा, पण त्याआधी पाय कोमट पाण्याने धुऊन प्रत्येक बेचकं सुती फडक्याने कोरडं करणं जास्त महत्त्वाचं. ओल्या बेचक्यात काहीही भरलं तरी खाली कातडी कुजतच राहते. साखरेचा आजार असलेल्यांनी घरगुती उपायांवर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं.

गुरुवार

पाऊस नऊ. मंगळुरी कौलांच्या घरात गळती शोधायची एक रीत आहे. थेंब जिथे पडतो तिथलं कौल बहुधा शाबूत असतं. फुटक्या कौलातून आलेलं पाणी खालच्या रिपेवर उतरतं, रिपेवरून वाशावर येतं, वाशाच्या पोटाला धरून घरंगळतं आणि गाठीपाशी किंवा खिळ्यापाशी थेंब सोडतं. म्हणून बॅटरी घेऊन थेंबापासून वर, आढ्याच्या दिशेने वाशाचा काळपट पट्टा बघत जायचं. जिथे तो संपतो तिथे वरचं कौल पाहायचं. कधी फुटलेलं नसतंच, वाऱ्याने किंवा माकडाने सरकवलेलं असतं.

भर पावसात छपरावर चढू नये. शेवाळ असतं, आणि कौल पायाखाली फुटलं की एकाची चार होतात. शिडी आतून लावायची, वरचं कौल हाताने थोडं उचलायचं आणि फुटक्यावर पत्र्याचा किंवा सुपारीच्या विरीचा (झावळीच्या बुडाच्या जाड सालीचा) तुकडा असा सरकवायचा की त्याची वरची कड वरच्या कौलाखाली जाईल. कड वर राहिली तर पाणी तुकड्याखालून आत येतं आणि गळती दुप्पट होते. नवं कौल घालायचं ते पाऊस उघडल्यावर. खरी शाकारणी मे महिन्यातलीच.

चिऱ्याच्या भिंती पाणी पितात. पश्चिमेच्या भिंतीवर खालच्या बाजूला पांढरी भुकटी फुलते तो लोणा. कोरड्या ब्रशने झाडावा, ओल्या फडक्याने पुसू नये, क्षार पुन्हा आत जातात. वरून ऑइलपेंट मारला तर आतली ओल कोंडते आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. चुन्याचा हात बरा, तोही पाऊस सरल्यावर. तोवर कपाट, पलंग, धान्याचा पिंप त्या भिंतीपासून चार बोटं दूर. विजेचा बोर्ड त्या भिंतीवर असेल तर विजेची गळती झाली की करंट तोडणाऱ्या स्विचचं (ईएलसीबी किंवा आरसीसीबी) टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. दाबल्यावर वीज गेली नाही तर वायरमनला बोलवावं.

शुक्रवार

पाऊस चार. हुलग्याचं माडगं. स्वयंपाकघराबद्दल थोडं.

हवेतली ओल पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी धरतं. आपल्याकडे जुलैत ती त्याखाली येतच नाही म्हटलं तरी चालेल. जाडं मीठ, चिनी मातीची बरणी, लाकडी चमचा, आणि तळाशी भाजलेले तांदूळ, एवढं केलं की निभावतं. स्टीलचा डबा मिठाला नको, गंजतो. गूळ तळाकडून पाझरतो, म्हणून ढेप कागदात गुंडाळून उंच फळीवर, घट्ट झाकणात.

तांदळाचं आणि डाळीचं मोठं पिंप पावसात रोज उघडू नये. प्रत्येक उघडण्यासरशी भिजकी हवा आत जाते, आणि सोंडे-किडे वाढायला तेवढी ओल पुरते. आठवड्यापुरतं लहान डब्यात काढायचं, तेही दुपारी. साठवलेलं भात नीट वाळलेलं होतं का, हे दाताखाली कळतं. दाणा ‘कट’ करून तुटला तर ठीक. चेपला गेला तर पहिल्या उन्हाला बाहेर काढायचा. बासमती असो की इंद्रायणी, ओल धरली की वास आधी जातो.

शनिवार

पाऊस एक. दहाला ढग फाटले, साडेबारापर्यंत ऊन!

उघडीप मिळाली की क्रम ठरलेला हवा, नाहीतर ऊन पायपुसण्यांवर खर्च होतं. आधी उशा आणि गाद्या, कारण त्या दोरीवर पंख्याखाली वाळत नाहीत. मग डाळी सुपात. मग चपला, आतला सुटा तळवा वर काढून. धुतलेले कपडे सर्वांत शेवटी, त्यांना वाराही चालतो. खिडक्या आता चारही बाजूंनी उघडायच्या, कपाटांची दारं उघडी टाकायची.

शहापुरी साड्या (आपल्या शहापूरच्या, जरीच्या) काढल्या तर थेट उन्हात नकोत, पडवीत. जुनी घडी मोडून नवी घालायची, कारण ओल घडीच्या रेषेत साचते आणि जरीचं काम तिथेच काळं पडतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत साडी ठेवू नये, सुती धोतराचा तुकडा किंवा जुना पंचा बरा.

धान्य, गाद्या जे काही उन्हात तापलं असेल ते गार झाल्याशिवाय बंद करायचं नाही. गरम गरम डब्यात भरलं की आत वाफ धरते आणि झाकणाखाली घाम येतो.

रविवार

पाऊस सहा. उद्या नागपंचमी. पंचमीला तवा चढत नाही, विळी-चाकू चालत नाही, म्हणून जोंधळ्याच्या लाह्या आजच.

लाह्यांना बारीक, कडक दाण्याचा जोंधळा लागतो. भाकरीचा टपोरा फुलत नाही. काल संध्याकाळी निवडून, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं घालून निथळला, सुती फडक्यात बांधून रात्रभर ठेवला. सकाळी सावलीत पसरला. वरची साल कोरडी, आत ओल, एवढंच हवं. दाणा तापला की आतल्या ओलीची वाफ होते आणि कडक साल तिला कोंडून धरते, दाब सोसेनासा झाला की दाणा फुटतो. फार ओला असेल तर लाही अर्धवट उलते आणि चिवट होते. फार कोरडा असेल तर गणंगच (न फुललेले दाणे) उरतात. साल चिरलेली असेल तर वाफ निसटते, म्हणून फुटके दाणे आधीच चाळून काढायचे.

लोखंडी कढई इतकी तापवायची की टाकलेले दोन दाणे तीन-चार सेकंदांत उडतील. एका वेळी एकच मूठ. जास्त घातले तर कढई थंड होते, वाफ हळूहळू गळते आणि दाणे नुसते भाजतात. काठीला फडकं गुंडाळून फिरवायचं, वरून चाळण पालथी धरायची.

कोरड्या गावात लाह्या परातीत निवत ठेवतात. इथे तसं केलं तर तासाभरात मऊ पडतात. परात चुलीशेजारी उबेला ठेवायची, वाफ गेली की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. गणंग चाळून वेगळे. मीठ-हळद-तिखट आत्ता लावायचं नाही, मीठ ओल ओढतं. खायच्या वेळी फोडणीत. उद्या डबा उघडल्यावर मऊ लागल्याच तर मंद कढईत दोन-तीन मिनिटं परतायच्या, पुन्हा कुरकुरीत होतात.