एकास दहा

शाळेच्या अंकासाठी मनोगत लिहायला सांगितलं की माणसं बाकं, घंटा आणि छड्या आठवतात. त्या आठवणी या अंकात पुष्कळ असतीलच. मी आर्किमिडीजच्या धड्याच्या पुढचं लिहितो. विज्ञान प्रदर्शनात दर दोन-तीन वर्षांनी एक पाणबुडी येतेच, आणि बहुतेक वेळा ती बाटलीतली असते. तिच्यापुढची पायरी, म्हणजे खऱ्या पाणबुडीचं एकास दहा मापाचं मॉडेल, शाळेच्या प्रयोगशाळेत सहज जमते.

पाणबुडीचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो जॉन हॉलंड आयर्लंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेत पॅटरसन गावी शिकवणारा शाळामास्तर होता. 1876 मध्ये त्याने 30 इंची, स्प्रिंगवर चालणारं मॉडेल लोकांना दाखवलं. साडेचौदा फुटांची खरी बोट 1878 साली पाण्यात गेली. आजही घरच्या अंगणात पाणबुडी बांधणारे हौशी लोक लोखंड कापण्याआधी मॉडेल करतात.

समजा, एका माणसाची पाणबुडी आहे आणि तिच्या मुख्य नळकांड्याचा व्यास 90 सेंमी आहे. एकास दहा प्रमाण घेतलं तर प्लंबरकडचा 90 मिमीचा पीव्हीसी पाइप नेमका बसतो. 25 सेंमी लांबीच्या तुकड्याचं आकारमान सुमारे 1,590 घन सेंमी भरतं, म्हणजे टोपण-टाक्या धरण्याआधीच तो जवळजवळ 1.6 किलो पाणी सारतो. लांबी दहापट, पृष्ठफळ शंभरपट, वजन हजारपट हे पक्कं ध्यानात ठेवा: मॉडेलवरचा 1 ग्रॅम म्हणजे खऱ्या बोटीवरचा 1 किलो. वजनाची यादी त्याच हिशोबाने करा. बॅटऱ्या 120 किलो असतील तर 120 ग्रॅम शिसं, आणि तेही बॅटऱ्या जिथे बसणार तिथेच. 75 किलोच्या माणसाचे 75 ग्रॅम.

एक एंड कॅप (पाइपाचं टोपण) पीव्हीसी चिकटवायच्या सोल्युशनने कायमची चिकटवा. दुसरी रबरी रिंग लावून उघडझाप करण्याजोगी ठेवा, कारण आतलं शिसं सतत हलवावं लागतं. थर्मोकोल वापरणार असाल तर सोल्युशनपासून लांब ठेवा, ते त्यात विरघळून जातं. लाकूड लावलं तर व्हार्निशचे हात द्या, नाहीतर ते पाणी पितं आणि तासाभरात वजन बदलतं. शिसं बाहेर टांगलं तर त्याचा अकरावा हिस्सा पाणी उचलून धरतं: आतल्या 100 ग्रॅमच्या जागी बाहेर 110 लागतात. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे अंगाला चिकटलेले बुडबुडे सुटतात.

आता मुख्य काम, तोल. पाण्यावर तरंगताना बोट रुंदीमुळे सावरते. पूर्ण बुडाली की तो आधार संपतो. मग गुरुत्वमध्य उत्प्लावन केंद्राच्या (पाण्याची उचल जिथे एकवटते त्या बिंदूच्या) खाली किती आहे, एवढ्यावरच सगळं अवलंबून असतं. हे अंतर मोजता येतं. 1,600 ग्रॅमचं मॉडेल पाण्याखाली अधांतरी राहील असं जुळवा आणि आतला 40 ग्रॅमचा तुकडा 4 सेंमी बाजूला सरकवा. कोन मोजायच्या तबकडीवर 10 अंश कल दिसला, तर 40 गुणिले 4 म्हणजे 160, त्याला (1,600 गुणिले 0.176) ने भागा; 0.176 हा 10 अंशांचा टॅन. उत्तर 0.57 सेंमी, म्हणजे अंतर 5.7 मिमी. खऱ्या बोटीत 5.7 सेंमी. ऐकायला बरं वाटतं, पण आता 75 ग्रॅमचा ‘माणूस’ 3 सेंमी पुढे न्या: नाक 14 अंश खाली जातं. म्हणजे चालक पुढच्या खिडकीतून बघायला फूटभर वाकला की बोट डोकं खाली घालणार. उपाय एकच, जड ते तळाशी. मोटरची ताकद वाढवून हा दोष जात नाही, हे कितीतरी हौशी मंडळी पटवून घेत नाहीत.

बॅलास्ट टाक्या, म्हणजे बुडण्यासाठी पाणी भरायच्या टाक्या, दोन असाव्यात, पुढे एक, मागे एक; तळाला उघडी भोकं, वर हवा सोडायला सलाईनची नळी. हवेची नळी टाकीच्या सर्वांत उंच कोपऱ्यातूनच निघायला हवी. नाहीतर कोपऱ्यात 10 घन सेंमी हवा अडकते. खऱ्या बोटीत ती 10 लिटर होते. पाण्याखाली 10 मीटरवर हवेचं आकारमान निम्मं होतं, म्हणजे पृष्ठभागाजवळ नीट जुळवलेली बोट तिथे 5 किलोने जड झालेली असते आणि बुडतच जाते. मीटरभर खोल पिंपात हे कळत नाही, कारण तिथे हवा जेमतेम नऊ टक्के आक्रसते.

मॉडेल असंच आणखी काही ठिकाणी फसवतं. वेळ दहापट न होता दहाच्या वर्गमुळाने वाढतो: मॉडेलची टाकी 19 सेकंदांत भरली तर खरी मिनिटभर घेईल. दोन-तीन मिमीच्या भोकात पृष्ठताणामुळे पाणी अडून बसतं, तेवढ्यावरून आराखडा चुकीचा ठरवू नका. आणि मजबुतीबद्दल पीव्हीसी काहीच सांगत नाही. आकार आणि धातू तोच ठेवून 6 मिमीच्या जागी 0.6 मिमी पत्रा घेतला, तर गणिताने दोन्ही नळकांडी एकाच दाबाला चेपतात. प्रत्यक्षात वेल्डिंगने आलेला वाकडेपणा त्या प्रमाणात लहान होत नाही.

जर्मन पाणबुडीकार विल्हेल्म बाउअरने 1850 मध्ये कील बंदरात मॉडेल चालवून दाखवलं होतं. खरी बोट बांधताना पैसे वाचवायला पत्रा पातळ केला आणि बॅलास्ट टाक्याच गाळल्या. पाणी थेट बोटीच्या तळात मोकळं राहिलं. 1 फेब्रुवारी 1851 रोजी ते मागे धावलं, बोट शेपटीवर बुडाली. आत पाणी येऊन दाब समान होईपर्यंत बाउअर आणि त्याचे दोन साथीदार थांबले, मग झाकण उघडून सुटले.

म्हणून मॉडेलनंतर नळकांड्याची खरी परीक्षा आत कुणालाही न बसवता, दोराला बांधून, ठरवलेल्या खोलीच्याही खाली सोडून घेतात. प्रदर्शनात तेवढं करायचं नाही, पण तक्त्यावर ते लिहा. आणि मॉडेल तळ्याच्या पाण्यात जुळवलं असेल तर समुद्रासाठी लिटरमागे 25 ग्रॅम वाढवा. 1,600 घन सेंमीला 40 ग्रॅम, खऱ्या बोटीला 40 किलो. पाणी 20 वरून 30 अंशांवर गेलं तरी तोल थोडा बदलू शकतो, तेव्हा पाहुणे दुपारी येणार असतील तर तोल दुपारीच जुळवा.