आमची वाटचाल: आधी शंख, मग माती

आज आम्ही मातीच्या रंगांनी चित्रं काढून विकतो, पण आधीच सांगून टाकते, पहिले दोन हंगाम आम्ही शंखांच्या माळाच विकल्या. मालवणच्या जेटीजवळ टेबल मांडायचो. सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणारी होडी भरेपर्यंत पर्यटक रेंगाळायचे, माळ हातात घेऊन विचारायचे, "इथलेच ना हे शंख?" आम्ही मान डोलवायचो. निम्मा माल खरं तर परराज्यातून पोत्यांनी येत होता. जास्त चकचकीत शंख ॲसिडने धुतलेला असतो, हेही मला ठाऊक होतं. तरी विकत होते.

उरलेला माल मीच वेचून आणायची. ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगड या छोट्या किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. एकदा परतताना पिशवीत खुडबुड झाली. पाहते तर दोन शंखांतून खेकडे डोकावत होते. रापणीवरचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, एक आजोबा बघत होते. म्हणाले, "गो, शंख सगळे तू न्हेलंस तर कुर्लेन खंय ऱ्हवाचा?"

त्या खेकड्याचं पोट मऊ असतं, कवच नसतं. रिकामा शंख हेच त्याचं घर, आणि अंग वाढलं की त्याला मोठं घर शोधावं लागतं. आम्ही त्याच घरांच्या माळा करत होतो. प्रवाळाची गोष्ट तर आणखी कडक आहे. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसलंय. तरी अजून कुणीतरी हळूच विचारतंच, "ताई, कोरल मिळेल का?"

मग मी चित्रं काढायला लागले. शिकवलं कुणीच नाही. शाळेत चित्रकलेत काठावर पास होते. उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर खेकडे, कातळातले खळगे, किल्ल्याचा तट असं काहीबाही काढायची. रंगांना पैसे नव्हते म्हणून घरामागच्या चिऱ्याच्या खाणीतली माती वस्त्रगाळ केली, पाण्यात निवळली आणि बाभळीच्या डिंकात खलली. तांबडा, पिवळा, तपकिरी असे तीन रंग एकाच खाणीत मिळाले. पिवळी माती तव्यावर भाजली की तांबडी होते, हे तवा चुलीवर विसरल्यामुळे कळलं. काळा रंग करवंटीच्या कोळशाचा.

निळ्याचं काय करायचं? समुद्रातल्या बेटाचं चित्र निळ्याशिवाय! नीळ आणली, पण मातीशेजारी ती परक्यासारखी दिसायची. शेवटी समुद्र कोराच सोडला. आता लोक त्या कोऱ्या जागेवरूनच आमचं काम ओळखतात.

फसलोही. पिवळा उजळ हवा म्हणून एका खेपेला हळद वापरली. मुंबईच्या एका दुकानाने चाळीस चित्रं काचेत, उन्हात लावली आणि दोन महिन्यांत हळद उडून गेली. सगळी परत आली. दोष आमचाच होता, पण येण्याजाण्याचं भाडंही आमच्याच माथी मारलं, ते मात्र अजून सलतं.

पावसात होड्या बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद. आमचं खरं काम तेव्हाच. मी, सासूबाई आणि शेजारच्या दोघी. हातकागदाला बुरशी धरते म्हणून कपाटात चाळीसचा बल्ब रात्रंदिवस जळतो. विजेचं बिल बघून नवरा काही बोलत नाही, फक्त बिल टेबलावर उघडं ठेवतो. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर चित्रं पुठ्ठ्यात घालून केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या सालीने, बांधतो. कुरिअरवाला हसतो, पण आजवर एकही गाठ सुटलेली नाही.

सध्या टेबलावर समुद्री गरुड अर्धवट पडलाय. पाठीचा राखाडी जमला. पोटाच्या पांढऱ्यावर अडलंय. सासूबाई म्हणतात, शिंपल्याचा चुना लाव, पूर्वी भिंतींना तोच असायचा. मी म्हणते, कागदच सोडूया. चार दिवस झाले, दोघीही हटायला तयार नाही.